पहिल्या भावाची लाइन

अनुपमा माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग, दोन लॅपटॉप आणि चार्ट पेपरची एक गुंडाळी होती. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या जळगाव जामोदला त्या दिवसांत सकाळी सातपुड्याकडून गार वारा येतो आणि दुपारपर्यंत रस्त्यावर सोयाबीनच्या गाड्यांची रांग लागते. तिला सोडायला गोकुळ आला होता. गावाबाहेर एका कंपनीचं खरेदी यार्ड आहे, तिथला तो मॅनेजर.

"जयमालाबाई, मॅडम नाशिकच्या हायेत. महिना-दीड महिना राहतीन. वरची खोली रिकामी हाय ना तुमची?"

"रिकामी हाय. मी बी रिकामीच हाय."

"अन् जेवाचं?"

"जेवाचं काऊन इचारतं? मी काय रोज उपाशी झोपतो काय?"

गोकुळ हसला. पोरीला आमचं बोलणं नीट कळलं नसावं, पण तीही हसली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. चपला दारातच काढून ठेवल्या आणि मला वाकून नमस्कार केला. त्या उंबऱ्यात कोणी वाकल्याला बरीच वर्षं झाली होती.

मी एकटी राहते. एकविसाव्या वर्षी टेलिफोन खात्यात लागले, आता एकाहत्तरची आहे. त्या काळी फोनवर आकडे नसत. लोकांनी घरी दांडा फिरवला की इकडे माझ्यासमोरच्या बोर्डावर त्यांच्या नंबरचं पितळी झाकण खट्कन खाली पडे. मी दोरीची पिन त्या भोकात घालून म्हणायची, "एक्सचेंज. कोणता नंबर?" या नोकरीपायी जमत आलेलं लग्न दोनदा मोडलं. रात्रपाळी करणारी आणि गावाचं बोलणं कानांनी ऐकणारी सून कोणाला नको होती. मग मीही तो विचार सोडून दिला. मला कधी एकटं वाटलं नाही. सकाळपासून डॉक्टर, कापडवाले, आडते, पोलीस ठाणं, बाळंतिणीचे नवरे, सगळे माझ्याशी बोलत. गाव मला आवाजानं ओळखत असे. भाजी घ्यायला गेले तर कोणी मान वर करत नसे, पण "ही वांगी कशी दिली" म्हटलं की चार माणसं वळून पाहायची.

नव्वद साली आपोआप लागणारं एक्सचेंज आलं. आदल्या दिवशी दोनशे माणसं माझ्याशी बोलली होती. दुसऱ्या दिवशी एकही नाही. पुढची तेवीस वर्षं मी त्याच खात्यात टेबलावर बसून काढली, पण त्यातलं मला फारसं काही आठवत नाही.

दुसऱ्याच दिवशी अनुपमानं विचारलं, "मावशी, तुमचं जेवणाचं टेबल वापरू का? वर एवढा मोठा कागद मावत नाही."

तिनं कागद पसरला, चार कोपऱ्यांवर माझे चार पेले ठेवले आणि पेन्सिलीनं चौकोन काढायला लागली. मी समोर बसून मेथी निवडत होते. मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं, आणि मला समजेल असं सांगितलं. कंपनीची जिल्ह्यात तेवीस खरेदी केंद्रं होती. कुठे किती माल आला, त्यात ओल किती, काय भावानं घेतला, गोदामात जागा किती उरली, हे सगळं मालकांना एका पडद्यावर दिसायला हवं होतं, आणि केंद्रावरच्या माणसांना त्यांच्या मोबाइलवर.

"याला बिझनेस इंटेलिजन्स म्हणतात."

"म्हणजे धंद्याची अक्कल."

"साधारण तसंच," ती म्हणाली.

पहिला चौकोन म्हणजे नोंदी घेणारा सर्व्हर. तो इथेच यार्डात राहणार, कारण बाहेरची लाइन तुटली तरी मालाचा वजनकाटा चालू राहिला पाहिजे. दुसरा चौकोन मोठा. तेवीस केंद्रांच्या नोंदी तिथे जमणार, निवडून-टिपून लावल्या जाणार. तिसरा, लोकांना अहवाल दाखवणारा. हे दोन मुंबईला भाड्याच्या जागेत. "लिहिणाऱ्यांची आणि वाचणाऱ्यांची गर्दी एका दारात होऊ द्यायची नाही," ती म्हणाली. मला ते एकदम पटलं. आमच्याकडे गावातल्या कॉलचा बोर्ड वेगळा आणि बाहेरगावच्या ट्रंक कॉलचा वेगळा होता, तो याच कारणानं.

"मावशी, इथे लाइट दिवसातून किती वेळा जाते?"

"वेळा मोजू नको माय. कधीबी जाते असं लिही."

तिनं पहिल्या चौकोनाजवळ बॅटऱ्यांची एक ओळ काढली. मग कागदाच्या कडेला हिशेब मांडला. अहवाल बघणारी माणसं एकशे चाळीस. एका वेळी बघणारी, दहात एक धरली तर चौदा. सुरक्षित असावं म्हणून तिनं तीस धरली.

ते तीन आठवडे माझ्या घरात बोलणं होतं. सकाळी ती चहा घेऊन यार्डात जाई, संध्याकाळी येऊन टेबलाशी बसे. तिला भाकरी थापायला शिकायची होती. पहिली भाकरी तिनं तव्यावर टाकताना दुमडली, ती आम्ही दोघींनी वाटून खाल्ली. मी तिला एक्सचेंजच्या गोष्टी सांगायची. तिची बोटं लॅपटॉपवर चालू असत, पण मध्येच थांबून ती विचारायची, "मग? त्या डॉक्टरांना लाइन मिळाली?" ऐकता ऐकता पुढचं विचारणारं माणूस मला कितीतरी वर्षांनी भेटलं होतं.

मग चाचणी सुरू झाली आणि बिघडली.

गोकुळ तिला संध्याकाळी स्कूटरवर सोडायला आला तो दारातूनच ओरडला, "बाई, मॅडमची अक्कल आज साडेअकराले अटकली!"

"गोकुळभाऊ, प्लीज."

"खोटं हाय काय? तेवीसच्या तेवीस सेंटरचे फोन मलेच आले. म्हने चक्र फिरून राह्यलं नुसतं."

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला अडकलं. गुरुवारी पाऊण वाजता. तिनं मुंबईच्या यंत्रांची ताकद दुप्पट करून घेतली, तरी तेच. मालक फोनवर तिच्या साहेबांना बोलले आणि साहेब तिला बोलले. ती टेबलाशी बसून डोकं धरून मला सांगत होती, खरं तर स्वतःलाच सांगत होती.

"यार्डाच्या फलकावर लिहिलंय, लिलाव सकाळी दहा वाजता. म्हणून मी बरोबर दहाला सगळे अहवाल तयार करून ठेवते. नुसतं उघडायचं आणि बघायचं. पण लोक ते बघतच नाहीत! 'ताजं करा' दाबत बसतात. एकेक माणूस वीस-वीस वेळा. आणि प्रत्येक वेळी बिचारा सर्व्हर सगळा हिशेब पहिल्यापासून करतो. बरं, रोज एकाच वेळी दाबतील तर तेही नाही. कधी दहा, कधी साडेबारा. हे सुटेपर्यंत मी इथून हलू शकत नाही, मावशी."

मी लसूण सोलत होते. तिचं बोलणं संपायच्या आत मला सगळं कळलं होतं.

आमच्या यार्डात दहाला लिलाव होत नाही. फलक लागल्यापासून कधी झालेला नाही. उकंडराव येऊन पहिल्या ढिगावर नारळ फोडतात, तेव्हा लिलाव सुरू होतो. उकंडराव जुने मापारी. यार्ड आताच्या मालकांच्या वडिलांनी काढलं तेव्हा पहिला ढीग त्यांनी मोजला होता. त्याआधी जुन्या बाजारातही नारळ तेच फोडत, इथेही तो मान त्यांचाच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. शेतावर चक्कर मारून येतात, दर गुरुवारी पहाटेच्या बसनं शेगावला महाराजांचं दर्शन घेऊन परत येतात, बस मिळेल तसे. ते आले, नारळ फुटला, पहिल्या ढिगाची बोली लागली की तो त्या दिवसाचा पहिला भाव. त्याच्याआधी सारा मुलूख गप्प असतो आणि तो फुटल्याबरोबर सगळ्यांना तोच एक आकडा हवा असतो. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोकुळला विचारलं असतं तर त्यानंही सांगितलं असतं. पण काय विचारायचं हे अनुपमाला ठाऊक नव्हतं, आणि यात काही सांगण्यासारखं आहे हे गोकुळला.

मला ठाऊक होतं, कारण ती गर्दी मी सोळा वर्षं अंगावर घेतली होती. पहिला भाव फुटला की बोर्डावर वीस-पंचवीस झाकणं एकदम पडायची. सगळ्यांना चौदा नंबर हवा, म्हणजे जुन्या बाजारातलं आडत दुकान, जिथून तरुण उकंडराव खणखणीत आवाजात भाव सांगायचे. एका वेळी एकालाच लाइन मिळणार, बाकीचे दांडा फिरवत राहणार. मग मी एक युक्ती काढली. बोर्डाकडे बघत बसायचं नाही, घड्याळाकडेही नाही. नारळ फुटला की उकंडरावांनीच आधी मला फोन करायचा. "बाई, पहिला भाव घ्या," असं म्हणून ते आकडा सांगत. मी तो चिठ्ठीवर लिहून समोर टाचायची, आणि जो चौदा नंबर मागेल त्याला लाइन न जोडताच वाचून दाखवायची. पंचवीस झाकणं पाच मिनिटांत वर. ऑपरेटरनं निरोप सांगणं नियमाबाहेरचं होतं. वरून आलेल्या तपासनीसांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी दोन दिवस नियमानं वागले, दोन दिवस बोर्ड तुंबला, तिसऱ्या दिवशी तेच म्हणाले, करा तुमच्या पद्धतीनं.

अनुपमाचं उत्तर तेच होतं. घड्याळानं नको, पहिल्या बोलीची नोंद आली की त्या क्षणी अहवाल एकदाच तयार कर आणि सगळ्यांना तोच दाखव. दोन वाक्यांत सांगून झालं असतं.

मी सांगितलं नाही. लसूण सोलून झाल्यावर उठले आणि तिच्यासाठी वांग्याचं भरीत केलं.

असे नऊ दिवस गेले. रोज सकाळी ठरवायची की आज सांगू, आणि संध्याकाळी तिच्या चपलांचा आवाज आला की म्हणायची, उद्या. या नऊ दिवसांत तिची भाकरी गोल यायला लागली. मी बाजारातून तिच्यासाठी वेगळी उशी आणली. हे सगळं लिहिताना मला लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी ती अंगणात तिच्या आईशी फोनवर बोलत होती. मी तुळशीजवळ होते. "अगं हो, मस्त चाललंय. जेवते ना. सगळे खूश आहेत माझ्या कामावर. नाही गं, आवाज असाच आहे, जरा सर्दी झालीय."

तो आवाज मला चांगला माहीत होता. सासरी गेलेल्या मुली, परगावी नोकरीला लागलेल्या पोरी, तीन मिनिटांच्या ट्रंक कॉलमध्ये आईला "मी मजेत आहे" म्हणायच्या तो आवाज. शब्द सरळ यायचे आणि शेवटी श्वास खाली राहायचा. मी ती दोरी काढून पुढची लावायची, कारण मध्ये बोलायचा मला हक्क नव्हता. या वेळी मात्र त्या आवाजाचं कारण मीच होते.

ती आत आली. म्हणाली, "मावशी, परवा शेवटची चाचणी. नाही जमलं तर ते काम काढून घेणार, आणि साहेब म्हणतात आराखडा माझा होता, तेव्हा…" पुढचं तिनं गिळलं.

"बस," मी म्हटलं. "तुह्या त्या कागदावर उकंडराव कुठीसा हाय?"

"कोण?"

मी तिला सांगितलं. नारळ, शेगावची बस, चौदा नंबर, चिठ्ठी, सगळं. तिनं कागद पसरून कोपऱ्यांवर पेले ठेवले. मग पेन्सिल घेऊन पहिल्या चौकोनापासून तिसऱ्यापर्यंत एक बाण काढला, दहा वाजताची नोंद खोडली आणि त्या जागी लिहिलं, 'पहिली बोली'.

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घड्याळ धरून बसले मी. मावशी, तुम्हाला हे आत्ता सुचलं?"

इथे मला हो म्हणता आलं असतं.

"नाही. पहिल्या दिवसापासून मालूम होतं मले."

तिची पेन्सिल थांबली. "मग का नाही सांगितलंत?"

"तू चालली गेली असती."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग कोपऱ्यांवरचे चारही पेले उचलून नीट फडताळात ठेवले, कागद गुंडाळला आणि वर गेली. जेवायला खाली आली नाही.

शेवटच्या चाचणीचा दिवस गुरुवार होता. मी गेले नाही. दुपारी गोकुळचाच फोन आला. "बाई, उकंडराव बारा वाजून पाच मिनिटाले आले, नारळ फुटला, अन् बोली लागली का सगळ्यायच्या मोबाइलवर भाव! एक बी सेंटर नाही अटकलं. काय जादू केली वो या पोरीनं!"

त्यानंतर ती पाच दिवस राहिली. वागण्यात काही कमी नव्हतं. चहा झाला की कप विसळून ठेवायची, "येते मावशी" म्हणून जायची. फक्त टेबलावर कागद पसरणं बंद झालं आणि एक्सचेंजचं काही विचारणं बंद झालं. जायच्या दिवशी तिनं माझा मोबाइल मागितला, त्यात काहीतरी केलं आणि परत दिला. "केंद्रांच्या यादीत तुमचाही नंबर घातलाय. पहिला भाव फुटला की तुम्हालाही येईल." वाकून नमस्कार केला. रुसवा गेला की नाही, हे मला तिच्या आवाजावरूनही ओळखता आलं नाही. आयुष्यभर आवाजच ऐकले, आणि नेमका तो कळला नाही.

नाशिकला पोचल्याचा तिचा फोन आला. मग संक्रांतीला एक. त्यानंतर नाही. मला तिचा राग आला नाही, तशी हक्काची मी तिची कोणी नव्हते.

संदेश मात्र रोज येतो. कधी साडेदहाला, कधी अकराला, गुरुवारी बाराच्या पुढे. 'आजचा पहिला भाव' आणि खाली आकडा. मला सोयाबीन विकायचं नाही की घ्यायचं नाही. तरी तो आल्याशिवाय मी भाजी फोडणीला टाकत नाही. आला की मोठ्यानं म्हणते, "घेतला." घरात ऐकायला कोणी नसतं.

माघ संपता संपता एका मंगळवारी साडेअकरा झाले, बारा झाले, संदेश नाही. मोबाइल बंद करून पुन्हा सुरू केला. साडेबारा वाजले. यंत्र बिघडलं असं माझ्या मनात आलंच नाही. ते कशावर चालतं हे मला माहीत होतं. मी पायात चपला घातल्या, कुलूप लावलं आणि विचारत विचारत उकंडरावांच्या घरी गेले. एका गावात जन्म गेला, पण त्यांच्या घरी मी कधी गेले नव्हते. रस्त्यात समोरासमोर आलो तर मान हलवायची, एवढीच ओळख.

दार त्यांच्या सुनेनं, संजीवनीनं उघडलं. तिनं मला ओळखलं नाही. "मामाजीले रातपासून ताप हाय. गोळी देली. आता झोपले असतीन."

ते बाजेवर गोधडी पांघरून पडले होते. डोळे मिटलेले. चेहरा मला अनोळखीच वाटला, इतका वाळलेला.

"उकंडराव," मी हळूच हाक मारली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. कपाळाला आठी पडली, मग सुटली.

"एक्सचेंज?"

"हाव," मी म्हटलं. "एक्सचेंज."

"लिलाव लागला काय, बाई?"

"नाही लागला. तुमची वाट पाहून राह्यले सगळे."

"बावळट हायेत. लोकायचा माल उन्हात पडला असंन. त्याहीले म्हना, गोकुळच्या हातानं फोडा नारळ. आज चालते."

"मी कायले म्हनू? तुमीच सांगा. थांबा, लाइन देतो."

मी गोकुळचा नंबर लावला आणि मोबाइल त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून गोकुळचा हॅलो ऐकू आला. उकंडरावांनी तापातही जुना खणखणीत आवाज काढायचा प्रयत्न केला, अर्धाच निघाला. पण निरोप पोचला.

संजीवनीनं मला बसायला पाट दिला आणि चहा ठेवायला गेली. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो. ते डोळे मिटून, मी हातात मोबाइल धरून. पंधराएक मिनिटांनी तो वाजला.

मी चष्मा नीट केला.

"उकंडराव, पहिला भाव घ्या," मी म्हटलं, आणि आकडा वाचून दाखवला.

"कालच्यापेक्षा उतरला," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "एकदा अजून सांगा, बाई."

मी पुन्हा सांगितला.